पावतीत नसलेली ओळ : १९५९च्या बीएसए गोल्डन फ्लॅशचं प्रकरण

मार्च २०१९मध्ये इंग्लंडमध्ये श्रॉपशरमधल्या एका गावात मी एक जुनी मोटरसायकल बघायला गेलो. विकणाऱ्या आजोबांनी ती आधीच चालू करून ठेवली होती, इंजिनाला हात लावला तर कोमट लागलं. "तुम्ही एवढ्या लांबून येणार, म्हणून सकाळीच किक मारून ठेवली," ते म्हणाले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पाहुणा यायच्या आधी दिवा लावून ठेवावा, तसं त्यांनी ते केलं होतं. पण त्यामुळे थंड इंजिन कसं उठतं ते मला दिसलं नाही. पुरतं तापलेलं इंजिन बंद करून परत उठतं का, हे तर मला विचारायलाही सुचलं नाही.

गाडी होती बीएसए ए१० गोल्डन फ्लॅश, १९५९ची. ६४६ सीसी, दोन सिलिंडर, सोनेरी झाक असलेला बदामी रंग. मी ती ४,८०० पौंडांना घेतली. पुढे एकदा ती नटबोल्टापर्यंत खोलली आणि आजही चालवतो. जुनी ब्रिटिश ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरची मोटरसायकल, घ्यायची इच्छा असलेले मराठी मित्र, त्यातले बरेचसे माझ्यासारखेच पुण्याहून कॉव्हेंट्रीकडे मोटारींच्या नोकरीसाठी आलेले, मला अधूनमधून विचारतात की बघायचं काय. त्यांना दर वेळी तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा हे प्रकरण सगळंच लिहून काढतोय.

हीच गाडी का

साताऱ्याला बाबांची बुलेट होती. उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक, हे माझ्या पायांना कॉलेजात असल्यापासून माहीत आहे. बीएसएचंही तसंच. इथल्या तरुण चालकांना या उलट्या मांडणीची धास्ती वाटते, मला ती घरच्यासारखी वाटली. इथल्या नियमाप्रमाणे भारतातल्या लायसन्सवर पहिलं वर्षच चालवता येतं. त्यानंतरच्या परीक्षा मी आधीच देऊन टाकल्या होत्या.

दुसरं कारण बर्मिंगहॅम. तिथल्या स्मॉल हीथ भागात आर्मरी रोडवर बीएसएचा कारखाना होता, त्या रस्त्यावरून मी कितीतरी वेळा गेलोय. १८६१मध्ये बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन बीएसए (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) ही कंपनी काढली. एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली ही तिची खूण तिथूनच आली. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री या कारखान्यावर बॉम्ब पडले आणि ५३ कामगार दगावले. युद्धानंतर त्याच आवारातून गोल्डन फ्लॅश बाहेर पडू लागल्या. १९५१मध्ये बीएसएने ट्रायम्फ ही दुसरी मोटरसायकल कंपनीसुद्धा विकत घेतली आणि १९७३मध्ये एवढं मोठं घराणं कोसळलं. आज त्या भागात बहुतेक दक्षिण आशियाई वस्ती आहे. मला त्या रस्त्यावरून जाताना दर वेळी गाडीचा वेग कमी करावासा वाटतो.

इंजिन बर्ट हॉपवुड यांनी आखलेलं, १९५०च्या हंगामासाठी आणलेलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७० मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८४. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात आणि आलटून पालटून पेटतात. म्हणून आवाज एकसारखा येतो, पण थरथर एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनासारखीच राहते. ताकद ३५ अश्वशक्ती. आकडा आज लहान वाटेल, पण ओढ खालच्याच फेऱ्यांना मिळते. त्या काळी ब्रिटनमधली कितीतरी कुटुंबं याच गाडीला साइडकार जोडून समुद्रकिनारी सुट्टीला जायची. चार चाकं परवडत नव्हती त्यांची ही मोटार होती. मला लांब पल्ल्याची गाडी हवी होती, मिरवायची नव्हे, आणि त्या हिशोबाने गोल्डन फ्लॅशपेक्षा ट्रायम्फची नावं जास्त मोठी असली तरी मन हिच्यावरच बसलं.

कागद चोख, पण कुठले कागद

कागदपत्रांच्या बाबतीत मी काटेकोर होतो. नोंदणीचा मूळ नंबर टिकून होता. इंजिनावर 'डीए१०'ने सुरू होणारा क्रमांक, फ्रेमवर 'एफए७'ने. ट्रायम्फ बघायची सवय असलेले लोक इथे दचकतात, कारण त्यांना फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर सारखाच हवा असतो. बीएसएने त्या वर्षांत हे नंबर वेगवेगळेच ठेवले होते. जोडी कारखान्यातलीच आहे का हे बघायला रवानगीच्या नोंदी लागतात. त्या बर्टन-अपॉन-ट्रेंट इथल्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबच्या ग्रंथालयात आहेत. मी विचारणा केली, जोडी मूळचीच निघाली.

चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ता कर शून्य असतो, तरी दरवर्षी कर भरल्याची प्रक्रिया करावीच लागते. गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार नसतील तर वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. ही सवलत लोकांना फार आवडते, मला ती थोडी धोक्याची वाटते. तपासणी नाही म्हणजे कोणा तिसऱ्या माणसाचे डोळे वर्षानुवर्षं गाडीवर पडत नाहीत. मी पैसे भरून दरवर्षी तपासणी करून घेतो. विमा ठरलेल्या किमतीचा घेतला, म्हणजे गाडी गेली तर किती द्यायचे हे आधीच लिहिलेलं. नाहीतर कंपनी ती साठ वर्षांची जुनी दुचाकी म्हणून मोजते.

आजोबांनी एक फाइल दिली. त्यात २०१६ची एक लांबलचक पावती होती: नवे पिस्टन, सिलिंडरचं रीबोअर (आतून कातून घेणं), व्हॉल्व्ह, गाइड, क्रोम, रंग, सीट. अकरा ओळी. ती वाचून मी मनात म्हटलं, इंजिन झालेलं आहे. अकराच्या अकरा ओळी इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाच्या आणि दर्शनी भागाच्या होत्या, हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. क्रँकचा, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या तळातल्या दांड्याचा, शब्द त्या पावतीत कुठेच नव्हता.

दुसरी खूणही समोर होती. ताशी पन्नास मैलांना इंजिन वाजवीपेक्षा जोरात फिरत होतं. आजोबा सहज म्हणाले, "आम्ही नवरा-बायको साइडकार लावून स्कॉटलंडला जायचो, पुढची दातेरी चकती अजून तेव्हाचीच आहे." साइडकारसाठी पुढची चकती कमी दात्यांची लावतात, ओढ वाढते आणि वेग घटतो. मी म्हटलं, चकती बदलू, चाळीस-पन्नास पौंडांचं काम. या इंजिनाने आयुष्यभर तीन चाकं ओढली आहेत, त्याच्या पोटातल्या बेअरिंगांचं काय झालं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही.

पहिला उन्हाळा, वेल्समधला डोंगर

जूनमध्ये वेल्सला निघालो. ऱ्हायाडरहून एलान व्हॅलीकडे जाणारा रस्ता फार देखणा आहे. तिथली धरणं बर्मिंगहॅमला पाणी पुरवण्यासाठी बांधली, १९०४मध्ये सुरू झाली आणि पाणी सत्तरेक मैल नुसत्या उताराने शहरात पोचतं. एका चढावर फोटो काढायला गाडी बंद केली. परत किक मारली तर काहीच नाही. वीस किका, तीस किका, जाकीट काढून ठेवलं. तासाभराने इंजिन गार झालं आणि दुसऱ्या किकेला लागलं. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच.

लक्षण इतकं स्पष्ट होतं की फोनवर बाबांनी ऐकताक्षणी विचारलं, "गार असताना लागते, गरम झाल्यावर नाही, असंच ना? मग पेट्रोलच्या मागे लागू नकोस, करंट बघ."

या गाडीला बॅटरीवरचं इग्निशन नाही. ल्यूकसचा के२एफ मॅग्नेटो स्वतःच ठिणगी बनवतो, बॅटरी फक्त दिव्यांसाठी. मॅग्नेटोच्या फिरत्या आर्मेचरमध्ये, म्हणजे वेटोळं असलेल्या गाभ्यात, एक कंडेन्सर बसवलेला असतो. साठ वर्षांनी त्याचं इन्सुलेशन खचतं, आणि तापलं की गळती वाढून ठिणगी मलूल होते. इंजिन चालू असताना फेऱ्या जास्त असतात म्हणून भागतं, पण किकेच्या मंद फेरीला पुरेशी ठिणगी उरत नाही. मी विकत घेताना पाच मैल चालवली होती. मॅग्नेटो आतून तापायला त्याहून बराच वेळ लागतो. नवीन वेटोळं आणि आधुनिक कंडेन्सर बसवून मॅग्नेटो परत आला, ३१० पौंड आणि पाच आठवडे गेले. तेव्हापासून त्याने एकदाही त्रास दिलेला नाही.

हे प्रकरण इथेच संपलं असतं तर लिहिण्यासारखं फार नव्हतं.

आवाज

ऑगस्ट २०२०मध्ये, टाळेबंदी सैल झाल्यावर, चौथ्या गिअरमध्ये हळू वेगातून थ्रॉटल उघडला की खालून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. टकटक नव्हे, टप्पेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दट्ट्यांची) टकटक मला ओळखू येते. लांबच्या पुलावरून मालगाडी जावी तशी धडधड, आणि थ्रॉटल सोडला की गायब.

मी तेलाची टाकी उघडून बघितली. ही ड्राय सम्प पद्धत: तेल वेगळ्या टाकीत असतं, पंप ते इंजिनात ढकलतो आणि खाली साचलेलं परत टाकीत आणतो. झाकण उघडलं की परत येणारी धार दिसते. धार छान होती. तेल फिरतंय, म्हणजे बेअरिंगं सुरक्षित, असा निष्कर्ष मी काढला आणि आणखी दोनशे मैल गाडी चालवली. या सगळ्या प्रकरणात माझी सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून ती उलगडून सांगतो.

ए१०चा क्रँक डाव्या बाजूला रोलर बेअरिंगवर फिरतो आणि उजव्या बाजूला, जिकडे टायमिंगचे गिअर आहेत, साध्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या गुळगुळीत कड्यात. पंपाचं तेल याच बुशमधून क्रँकच्या पोटात शिरतं आणि तिथून पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दोन्ही कनेक्टिंग रॉडांच्या मोठ्या टोकांना जातं, आधी उजव्या, मग डाव्या. म्हणजे बुश हे नुसतं बेअरिंग नाही, तो तेलाचा दरवाजाही आहे. तो झिजून ढिला झाला की तेल क्रँकमध्ये शिरण्याऐवजी बाजूच्या फटीतून खाली सांडतं. सांडलेलं तेल पंप इमानदारीने टाकीत परत आणतो. त्यामुळे बुश खराब असला तरी धार जोमदारच दिसते. ती धार पंप परत ओढतोय एवढंच सांगते, रॉडच्या टोकाला तेल पोचतंय का हे तिला सांगता येत नाही. कारखान्याने तेलाच्या दाबाचा काटा या गाडीला दिलेलाच नाही. आणि उपासमार होते ती शेवटच्या घराची, डाव्या रॉडची. तो क्रँकवर जाम झाला, तुटला, की क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) फोडून बाहेर येतो. या मॉडेलचं ते जुनं, सर्वांना ठाऊक असलेलं मरण आहे.

व्हिडिओ कॉलवर बाबांनी मला लांब स्क्रू-ड्रायव्हर आणायला लावला. "टोक इंजिनाला लाव, मूठ कानाच्या हाडाला. आधी उजवीकडे ऐक, मग डावीकडे. वर नको, पार खाली." वरचा भाग शांत होता. खाली उजवीकडे ती धडधड इतकी स्वच्छ ऐकू आली की मी इंजिन तिथल्या तिथे बंद केलं. बाबा म्हणाले, "आता किक मारायची नाही. खोल."

पोटात काय निघालं

ऑक्टोबरात इंजिन उतरवलं. गॅरेज गल्लीत, हीटर एक, आणि अवजारांची वेगळीच गोष्ट. या गाडीचे आटे ब्रिटिश पद्धतीचे आहेत, काही व्हिटवर्थचे, बरेचसे सायकल धर्तीचे बारीक. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांडीची जाडी सांगतो, जबड्याची रुंदी नव्हे. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कान गोल करून टाकतो. १९५५पासून मद्रासला बनू लागलेल्या बुलेटीतही हेच आटे होते. बाबांच्या पेटीतले तीन पाने मी आधीच्या खेपेला साताऱ्याहून आणले होते. बर्मिंगहॅमच्या गाडीला ते तंतोतंत बसले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

खेळ मोजणारा डायल गेज लावून बघितलं. उजव्या बुशात पाच थाऊचा खेळ होता, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, जो चांगल्या बुशात असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त. क्रँकच्या आत एक पोकळी असते. तेलातला जड गाळ फिरण्याच्या जोराने तिच्यात साठावा अशी योजना आहे, कारण या इंजिनाला जाळीपलीकडे दुसरा फिल्टर नाही. तिचा स्क्रू काढायला ड्रिल चालवावं लागलं. आत काळ्या मेणासारखा घट्ट गाळ, आणि मध्ये तेल जायला जेमतेम काडीएवढी वाट. हा गाळ दोन-चार वर्षांचा नव्हता. २०१६मध्ये ती पोकळी कुणी उघडलीच नव्हती.

रॉडचे शेल, म्हणजे मोठ्या टोकातली पातळ बेअरिंगं, हातात घेतले. उजवे राखाडी, एकसारखे. डाव्याच्या वरच्या शेलचा पांढरा धातू निघून जाऊन खालचं तांबूस दिसत होतं. अजून किती मैल गेले असते, हे मला हिशोबाने सांगता येणार नाही, पण ते दोन शेल मी एका डबीत ठेवले आहेत आणि गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येक मित्राला आधी ते दाखवतो.

वरचा भाग नवा करून खालचा जुना ठेवला की काय होतं, हेही इथे कळलं. नव्या पिस्टन-रिंगांनी दाब धरला, जोर वाढला, आणि तो सगळा जोर थकलेल्या बुशावर आणि अर्धपोटी रॉडवर आला. त्या पावतीने इंजिनाचं आयुष्य वाढवलं नव्हतं.

मी आजोबांना फोन केला. तक्रार करायची नव्हती, पण त्यांना कळायला हवं होतं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धूर येत होता. वर्कशॉपवाले म्हणाले पिस्टन बदला, म्हणून बदलले. खालचं कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही." पत्नी गेल्यावर त्यांनी साइडकार काढली होती आणि गाडी सुंदर दिसावी म्हणून पेन्शनमधून क्रोम केलं होतं. मी त्यांच्यावर रागावू शकलो नाही आणि आजही रागावत नाही.

निर्णय

दोन वाटा होत्या. एक, बुश काढून तिथे रोलर बेअरिंग आणि तेल थेट क्रँकच्या टोकातून आत सोडायची सोय. हे रूपांतर ब्रिटनमध्ये नावाजलेलं आहे. जे जोरात चालवतात किंवा साइडकार जोडतात त्यांनी तेच करावं. दुसरी, मूळ आराखड्याप्रमाणे नवा बुश, नीट एका रेषेत बोअर केलेला. मी वर्षाला दोनेक हजार मैल चालवतो, ताशी साठ मैलांच्या वर क्वचित जातो. मी बुशच निवडला. क्रँक ग्राइंड, नवे शेल, बुश, गाळाची पोकळी साफ, गॅस्केटं, सगळं मिळून ७८० पौंड झाले. खोलणं आणि बांधणं माझंच. सोबत तेलाच्या दाबाचा एक लहान काटा बसवला. मूळरूपाचे आग्रही लोक नाक मुरडतात. मला तो काटा क्रोमपेक्षा सुंदर वाटतो.

तेल बदलतो दर हजार मैलांना. हिवाळ्यात गाडी उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपून इंजिनाच्या तळाशी उतरतं. तसंच किक मारलं तर धुराचा लोट आणि वर सील निकामी. यावर लोक तेलाच्या नळीला तोटी बसवतात. मी बसवली नाही. बंद तोटी विसरून इंजिन चालू केलं तर सगळं काम मिनिटांत मातीत जाईल. त्यापेक्षा वसंतात पहिल्या किकेआधी तळाचा बोल्ट काढून तेल मोजून परत टाकीत ओततो, अर्ध्या तासाचं काम.

पेट्रोलचं थोडं सांगायला हवं. सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं झालं. माझ्या टाकीला आतून कधीकाळी सीलंट फासलेलं होतं. ते सुटलं, पापुद्रे कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये अडकले. सगळं खरवडून काढलं आणि आता पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं महाग सुपर पेट्रोलच भरतो. भारतात प्रमाण २० टक्क्यांवर गेलंय, तेव्हा घरी जुनी बुलेट किंवा येझदी उभी असेल त्यांनी टाकी आतून बघावी, रबरी नळ्या बदलाव्या, आणि महिनोनमहिने उभी करायची असेल तर पेट्रोल काढून ठेवावं.

या गाडीला मी पहिल्या दोन वर्षांत किमतीच्या जवळपास चौथा हिस्सा वर घातला. मला राहून राहून वाटतं ते हे की हा खर्च आधी समजला असता तर किंमत त्या प्रमाणात मोकळेपणाने बोलता आली असती, आणि आजोबांनी ती कमी केली असती याची मला खात्री आहे. आता मी कुणाबरोबर जुनी ट्विन बघायला गेलो तर पावतीत एकच ओळ शोधतो: क्रँक कधी बाहेर काढला, कुणी काढला, बुश कितीचा. ती ओळ नसेल तर गाडी कितीही चमकत असो, तळ न उघडलेली म्हणूनच तिची किंमत धरतो. गाडी नको असं म्हणत नाही. मी हीच गाडी पुन्हा घेईन.

जुलै २०२२मध्ये बाबा आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हेल्मेटच्या आत माकडटोपी घातलेले. ऱ्हायाडरपर्यंत मागे बसून आले, वाटेत एकदाही थांबू दिलं नाही. एलान व्हॅलीतल्या क्रेग गोख धरणाच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा इंजिनावर हात धरवत नव्हता. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मूठ कानाला लावून उजवीकडे ऐकलं, डावीकडे ऐकलं, आणि म्हणाले, "आता बंद कर. दहा मिनिटं थांबू."

आम्ही भिंतीवर बसून बर्मिंगहॅमला निघालेलं पाणी बघितलं. दहा मिनिटांनी त्यांनी घड्याळ दाखवलं.

"मार किक."

पहिल्याच किकेला लागली.